नाममुद्रेचा प्रश्न : व्हिडिओ गेमचा धंदा, एकवटणारे भांडवल आणि सर्जक

अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव येते, हे आपण पदवीच्या पहिल्या वर्षातच शिकवतो. नामदेव, जनाबाई, चोखामेळा, तुकाराम यांच्या नाममुद्रा मराठी वाचकाच्या कानात आहेत. लावणी-पोवाड्यांतही शाहीर आपले नाव गुंफतो. हस्तलिखिताच्या आणि पाठांतराच्या जगात रचना कोणाची हे सांगण्याचा बहुधा तेवढाच एक मार्ग होता, आणि तोही निर्धोक नव्हता. पुढे छापखाना आला, मुखपृष्ठ आले, स्वामित्वहक्काचा कायदा आला आणि नाममुद्रेची गरज सरली असे आपण गृहीत धरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या एका कलाप्रकाराने मात्र हा प्रश्न नव्याने उभा केला. तो कलाप्रकार म्हणजे व्हिडिओ गेम.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडताना थोडा संकोच होतो. परंतु व्हिडिओ गेममध्ये कथानक असते, पात्रे असतात, निवेदक असतो, नेपथ्य आणि संगीत असते. शिवाय खेळणाऱ्याच्या कृतीने कथा पुढे सरकते, ही सोय कादंबरीला किंवा नाटकाला नाही. शिरपूर-शहादा-चोपडा या पट्ट्यातील महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचा कथेशी रोजचा संबंध आता मोबाइलच्या पडद्यावर येतो. ती कथा कोण रचतो, तिच्यावर मालकी कोणाची आणि मालक बदलला की तिचे काय होते, हे प्रश्न म्हणूनच आपल्या कक्षेतले आहेत. गेल्या काही वर्षांत या धंद्यात कंपन्यांनी कंपन्या गिळण्याचा वेग फार वाढला. त्याचा सर्जनशीलतेवर काय परिणाम होतो, याचा विचार इतिहासाच्या आधारे करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. आपल्याकडचे जुने दाखले

कलेच्या क्षेत्रात भांडवल एकवटणे आणि त्यातून कलावंतांनी फुटून निघणे, ही गोष्ट मराठी माणसाला नवीन नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, आणि त्यांची मंडळी पुढे संगीत नाटकाची सर्वांत मोठी संस्था ठरली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे त्याच मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. मोठ्या संस्थेत विद्या मिळवायची आणि तेथे मन रमेनासे झाले की आपले बिऱ्हाड थाटायचे, ही रीत त्या काळी रुळलेलीच होती. नट, गायक, वादक आणि प्रेक्षक या फुटणाऱ्यांबरोबर येऊ शकत होते, कारण मंडळीची खरी पुंजी कंठात आणि अभिनयात होती. ती कागदोपत्री कोणाला अडवून ठेवता येत नव्हती.

चित्रपटात चित्र बदलले. यंत्रे, रसायने, फिल्म आणि वितरण यांसाठी मोठा पैसा लागू लागला. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढणारे दादासाहेब फाळके यांनी १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांसह नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी सुरू केली. 'कालिया मर्दन' हा त्यांचा गाजलेला चित्रपट याच कंपनीचा. परंतु निर्णयाचा अधिकार कोणाचा, यावरून भागीदारांशी खटके उडू लागले आणि १९१९ मध्ये फाळके कंपनी सोडून काशीला गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते त्याच कंपनीत परतले. भारतीय चित्रपटाचा जनक आपल्याच कंपनीत कधी भागीदार, कधी परका आणि कधी पगारी दिग्दर्शक होता, ही वस्तुस्थिती कलेच्या आर्थिक इतिहासात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याउलट १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे कारागीरच मालक होते. सीतारामपंत कुलकर्णी यांचे आर्थिक बळ त्यांच्या पाठीशी होते. 'संत तुकाराम' (१९३६), 'कुंकू' (१९३७), 'माणूस' (१९३९) हे एकमेकांशी फारसे साम्य नसलेले चित्रपट त्याच काळात त्याच छताखाली निघाले. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले, आणि १९५३ च्या सुमारास प्रभातचे दार बंद झाले. कारागिरांची मालकी अमरत्व देत नाही. ती काय देते, तर पुढचे काम वेगळे करून पाहण्याचा अधिकार. व्हिडिओ गेमच्या इतिहासाकडे वळताना आम्ही हीच कसोटी हाती धरली आहे.

२. अटारी आणि लपवलेले नाव

अटारी ही अमेरिकी कंपनी १९७२ मध्ये स्थापन झाली. १९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने ती २ कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतली. घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडायचे यंत्र आणि त्यात खुपसायची कार्ट्रिज हा तिचा धंदा. त्या काळी एक संपूर्ण खेळ बहुधा एकच माणूस रचत असे. कल्पना, चित्र, ध्वनी, नियम आणि संगणकीय आज्ञावली हे सारे त्याचेच. खेळावर मात्र नाव कंपनीचे असे.

वॉरेन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने 'ॲडव्हेंचर' नावाचा खेळ रचला. त्याने त्यात एक गुप्त दालन ठेवले. एक जवळजवळ अदृश्य ठिपका उचलून ठराविक जागी नेला की त्या दालनात जाता येते, आणि तेथे पडद्यावर रचनाकाराचे नाव झळकते. कंपनीत कोणालाही त्याने हे सांगितले नव्हते. तो नोकरी सोडून गेल्यावर एका मुलाने हे दालन शोधून काढले आणि कंपनीला पत्राने कळवले. व्हिडिओ गेमच्या इतिहासात ही गंमत म्हणून सांगितली जाते. मराठीच्या अभ्यासकाला तिच्यात नाममुद्रा ओळखू यावी. संतांनी नाव उघड ठेवले; येथे ते खेळाच्या पोटात दडवावे लागले.

१९७९ मध्ये डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे अटारीचे चार प्रोग्रॅमर श्रेय आणि विक्रीतील वाटा या दोन मागण्यांवरून बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन स्थापन केली. स्वतः यंत्र न बनवता दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ रचणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. खेळाबरोबरच्या पुस्तिकेत रचनाकाराचे नाव आणि छायाचित्र छापण्याचा परिपाठ तिने पाडला. अटारीने खटला भरला, १९८२ मध्ये तडजोड झाली आणि इतरांनाही वाट मोकळी झाली. क्रेनचा 'पिटफॉल' त्याच वर्षीचा. किर्लोस्कर मंडळीतून गंधर्व मंडळी निघावी तशी ही घटना, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि तो फारसा अस्थानी नाही.

पण ॲक्टिव्हिजनची पुढची कथाही पाहिली पाहिजे. मूळ चौघे कालांतराने पांगले. २००८ मध्ये व्हिवेंडीच्या खेळविभागाशी विलीनीकरण होऊन ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड झाली, आणि १३ ऑक्टोबर २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने सुमारे ६,८७० कोटी डॉलरला ती घेतली. नावासाठी भांडून जन्मलेली कंपनी अखेर एका महाकाय कंपनीचा विभाग झाली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे तेच. आरंभीच्या काळात तिने रचनाकारांना कलावंत म्हणून पुढे आणले आणि गाण्याच्या तबकड्यांसारख्या वेष्टनात त्यांचे खेळ विकले. पुढे तिनेच ओरिजिन, बुलफ्रॉग, वेस्टवूड हे नामवंत स्टुडिओ विकत घेतले आणि काही वर्षांत बंद केले. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीसह काही गुंतवणूकदारांनी तिलाच सुमारे ५,५०० कोटी डॉलरला घेण्याचा करार जाहीर केला.

३. गिळण्याची रीत

मोठी कंपनी छोटा स्टुडिओ का घेते? बहुधा त्याने काहीतरी नवे केलेले असते म्हणून. मग घेतल्यावर ते नवेपण का टिकत नाही? याचे उत्तर व्यक्तींच्या दुष्टपणात शोधण्यापेक्षा धंद्याच्या रचनेत शोधणे बरे. मोठ्या खेळासाठी शेकडो माणसे चार-पाच वर्षे राबतात. एवढा पैसा अडकला की तो परत येण्याची हमी हवीशी वाटते, आणि हमी आधी खपलेल्या नावात असते. म्हणून क्रमांक लावलेले पुढचे भाग आणि जुन्याच खेळांच्या नव्या आवृत्त्या निघत राहतात. स्टुडिओ स्वतंत्र असताना एक खेळ पडला तर त्याचे नुकसान त्यालाच सोसावे लागे, पण पुढे काय करायचे हे तोच ठरवी. विकला गेल्यावर त्याचे भवितव्य दूरच्या शहरात, ताळेबंदातील एका ओळीवर ठरते.

याचे अलीकडचे उदाहरण टोकियोच्या टँगो गेमवर्क्सचे. जानेवारी २०२३ मध्ये या स्टुडिओचा 'हाय-फाय रश' आला. संगीताच्या ठेक्यावर लढाई चालणारा हा खेळ टीकाकारांनी आणि खेळणाऱ्यांनी उचलून धरला. तरीही मालक मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने तो उचलला म्हणून तो वाचला. चांगले काम केल्याने स्टुडिओ टिकतो हा भाबडा समज या एका घटनेने खोटा ठरवला. हीच क्राफ्टन २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या संदर्भातही पुढे आली. 'रिअल क्रिकेट' हा मोबाइलवरील खेळ करणारी नॉटिलस मोबाइल ही कंपनी आधी पुण्याच्या जेटसिंथेसिसकडे होती. तिचा ताबा क्राफ्टनने घेतला.

४. मुंबई आणि पुणे

महाराष्ट्रातील या धंद्याचा इतिहास जेमतेम पंचवीस वर्षांचा आहे. १९९९ मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत इंडियागेम्स सुरू केली. भ्रमणध्वनीच्या छोट्या पडद्यावर जावा भाषेतील खेळ चालत, तो हा काळ. क्रिकेटवरचे, हिंदी चित्रपटांवरचे, ब्रूस लीच्या नावावरचे खेळ तिने काढले. नंतर मालक बदलत गेले. २००५ च्या सुमारास चीनच्या टॉम ऑनलाइनने बहुसंख्य भागभांडवल घेतले. २००७ मध्ये यूटीव्हीने ताबा मिळवला. २०११-१२ मध्ये यूटीव्हीबरोबर सारेच डिस्नेकडे गेले. २०१६ मध्ये डिस्नेने जगभर खेळनिर्मितीतून अंग काढून घेतले, तेव्हा भारतातील कामही आवरले. चीन, मुंबई, अमेरिका असा प्रवास करून एक मुंबईकर कंपनी इतिहासजमा झाली. तिच्या मूळ संस्थापकाने त्याआधीच दुसरा व्यवसाय हाती घेतला होता.

अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. ते जावा खेळ आज कोठे आहेत? ज्या फोनवर ते चालत ते भंगारात गेले, ज्या सेवेतून ते उतरवून घेत ती बंद पडली आणि मालकाला त्यांत रस उरला नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये झालेल्या एका पाहणीनुसार २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. आपल्याकडे तशी मोजदादही नाही. मूकपटांच्या युगातील बहुतेक भारतीय चित्रपट नष्ट झाले याची हळहळ आपण करतो. 'राजा हरिश्चंद्र'देखील आज संपूर्ण उपलब्ध नाही. त्याच हानीची पुनरावृत्ती आपल्या डोळ्यांदेखत होते आहे. एकवटलेल्या मालकीचा हा परिणाम नव्या निर्मितीवरील परिणामाइतकाच गंभीर आहे, कारण मागचे हाताशी नसले की पुढच्याला परंपरा मिळत नाही.

पुण्याची कथा वेगळी आहे. फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईतही स्टुडिओ उघडला. तेथे बराच काळ चालले ते परदेशी खेळांना हातभार लावण्याचे काम. सप्टेंबर २०२० मध्ये मात्र 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या २००३ च्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे-मुंबईचे स्टुडिओ करीत आहेत असे जाहीर झाले. मूळ 'प्रिन्स' १९८९ चा. जॉर्डन मेकनर या तरुणाने आपल्या भावाच्या धावण्या-उडण्याचे चित्रीकरण करून त्याबरहुकूम एकएक चित्र रेखाटले आणि जवळजवळ एकट्याने तो खेळ घडवला. एका माणसाच्या खोलीत जन्मलेला राजकुमार असा हातोहात विकला जाऊन पुण्यात आला. पहिली झलक पाहून जगभर टीका झाली, प्रकाशन लांबले, आणि मे २०२२ मध्ये काम कॅनडातील मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने फेररचना करताना तो खेळच रद्द केला. पुणे-मुंबईतील कारागिरांनी घातलेली काही वर्षे प्रेक्षकापुढे आलीच नाहीत. ते काम चांगले होते की वाईट, हे ठरवण्याची संधीही आता कोणाला मिळणार नाही.

त्याच पुण्यात त्याच सुमारास दुसरा एक प्रयत्न झाला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि त्यांचे सहकारी यांच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' रचला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी. दुर्गेचा वरदहस्त तिला लाभतो. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात, आणि पूर्वकथा छायाबाहुल्यांच्या रूपात येते. निवेदक देव आणि नायिका रस्त्यावरची मुलगी, ही योजना कथनशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचार करायला लावील. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. संस्थापकांपैकी एकाने सदनिका विकून काम चालू ठेवले. पुढे परदेशी प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रसिद्ध झाला. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्या वर्षीच्या उत्कृष्ट पदार्पणासाठी त्याला नामांकन मिळाले. खेळ छोटा आहे आणि त्यात उणिवाही आहेत. पण तो कोणी रचला हे सांगता येते, आणि तो खेळता येतो.

या काळात महाराष्ट्रात 'गेमिंग'च्या नावाखाली पैसा नव्हता असे नाही. तो बव्हंशी दुसरीकडे गेला. मुंबईच्या ड्रीम११ सारख्या, पैसे लावून खेळायच्या स्पर्धांमागे प्रचंड गुंतवणूक आली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा करून पैशाच्या खेळांवर बंदी आणली, तेव्हा तो डोलारा काही दिवसांत उतरला. जुगाराशी नाते सांगणारा खेळ आणि कथा सांगणारा खेळ यांना आपण एकच शब्द वापरत राहिलो, आणि त्या शब्दाच्या आडोशाला गुंतवणूकदाराने आपली निवड करून टाकली.

५. आक्षेप आणि निष्कर्ष

या मांडणीवर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मोठ्या कंपन्या नसत्या तर कारागीर घडले कोठे असते? वेळेवर पगार, अद्ययावत साधने, शेकडो लोकांचे काम जुळवण्याची शिस्त हे सारे मोठ्या स्टुडिओतच मिळते. फ्रान्समधील मोंपेलिएच्या सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओचा 'क्लेअर ऑबस्क्यूर : एक्स्पिडिशन ३३' हा २०२५ मधील सर्वोत्कृष्ट खेळ ठरला, त्याचा प्रमुख रचनाकार युबिसॉफ्टमधूनच बाहेर पडलेला होता. किर्लोस्कर मंडळी नसती तर गंधर्व मंडळी कोठून निघाली असती? हे मान्य केले तरी प्रश्न उरतो तो बाहेर पडण्याच्या वाटेचा. बालगंधर्वांना गळा बरोबर नेता आला. अटारीच्या चौघांना कसब बरोबर नेता आले. आजच्या रचनाकाराने घडवलेली पात्रे, कथा आणि त्यांचे जग मात्र करारानुसार बहुधा कंपनीचे असते. तो रिकाम्या हाताने बाहेर पडतो, आणि बाहेर पैसा देणारेही मोजकेच उरले असतील तर तो बाहेर पडतच नाही. भांडवल एकवटल्याने सर्जनशीलता लगेच मरत नाही. तिला नवे घर करण्याची जागा आक्रसत जाते. आमच्या मते या इतिहासाचा निष्कर्ष हा आहे.

खान्देशात बसून हा विचार करण्याला कारण आहे. बहिणाबाई चौधरी यांच्या ओव्या जात्यावर आणि शेतात जन्मल्या. सोपानदेवांनी त्या जपल्या, अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले आणि १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्या पुस्तकरूपाने आल्या. जवळच्या माणसांनी लिहून ठेवल्या म्हणून त्या बहिणाबाईंच्या नावाने आज आपल्यापुढे आहेत. कानबाईची अहिराणी गाणी, वहीगायकांच्या वह्या, शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्यात राहणाऱ्या पावरा समाजाच्या कथा यांपैकी किती लिहिल्या गेल्या? देवदेवता आणि लोककथा यांना आता खेळांच्या बाजारात मागणी आहे, हे 'राजी'ने दाखवले आहे. आमचे विद्यार्थी ॲनिमेशन, ध्वनिमुद्रण, संहितालेखन शिकून पुण्याच्या स्टुडिओंत जात आहेत, पुढेही जातील. त्यांच्याबरोबर या कथाही जातील. कथा सर्वांची असते हे खरे. पण तिच्यावरून केलेल्या पात्राचे, नावाचे आणि चित्राचे हक्क एका कंपनीच्या नावे नोंदले गेले की तिच्या पोटी पुन्हा नवे काही करायला धजणारे थोडेच राहतात.

यावर साहित्याच्या शिक्षकांनी करण्याजोग्या गोष्टी लहान आहेत, पण आपल्या हातातल्या आहेत. परिसरातील मौखिक साहित्य सांगणाऱ्याच्या नावानिशी, गावानिशी आणि तारखेनिशी नोंदवावे. लेखनाचा करार कसा वाचावा, श्रेय आणि हक्क यांत फरक काय, हे उपयोजित मराठीच्या तासाला शिकवावे. मराठी माणसांनी रचलेले खेळ, अगदी जुन्या फोनवरचे का असेनात, कोणाकडे शिल्लक असतील तर ते जपावेत आणि त्यांवर लिहावे. नाट्यसमीक्षा आणि चित्रपटसमीक्षा मराठीत अशाच लिहिण्यातून घडल्या. रॉबिनेटला आपले नाव एका अदृश्य ठिपक्याआड लपवावे लागले होते. सातपुड्याच्या पायथ्याहून निघालेल्या एखाद्या मुलीने उद्या खेळ रचला, तर तिचे नाव शोधण्यासाठी कोणाला गुप्त दालन धुंडाळावे लागू नये.